सव्वा सेकंदाचा विनोद पुरे

नापाम डेथ या बँडचं नाव निघालं की गप्पा हमखास एकाच गाण्यावर येतात. ‘यू सफर’. लांबी १.३१६ सेकंद. जगातलं सर्वांत छोटं ध्वनिमुद्रित गाणं म्हणून गिनेस बुकात नोंद. मग कुणीतरी ते मोबाइलवर लावून दाखवतो, ‘झालं? एवढंच?’ हा ठरलेला प्रश्न येतो, हशा होतो आणि हशाच्या शेपटाला निकालही लागतो: हे संगीत नव्हे, आणि याला राजकीय संगीत म्हणणं तर शुद्ध थापेबाजी.

हसणाऱ्यांशी माझं भांडण नाही. गाणं गमतीचं आहेच, करणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. माझं भांडण आहे गंभीर चेहऱ्याने निकाल देणाऱ्यांशी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ज्या गाण्यातला एकही शब्द कानाला कळत नाही, त्यात राजकारण कसलं? घसा फाडून ओरडायचं आणि त्याला भांडवलशाहीचा निषेध म्हणायचं, ही मध्यमवर्गीय पोरांची चैन. शिवाय ज्या बँडमध्ये मूळचा एकही माणूस उरलेला नाही, ज्याच्या तबकड्या कधीकाळी सोनीने विकल्या, ज्याचं गाणं एका मारधाडीच्या सिनेमाच्या अल्बममध्ये वाजलं, त्याने तत्त्वांच्या गोष्टी सांगू नयेत. आणि चाळीस वर्षं ओरडून जगात बदललं काय?

आपल्याकडे यातला पहिला आक्षेप जास्त जोरात येतो, आणि त्याला कारण आहे. राजकीय गाणं म्हटलं की आपल्यासमोर शाहिरी उभी राहते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचा शब्द गिरणगावातल्या मैदानात शेवटच्या रांगेतल्या कामगारापर्यंत पोचत होता, कारण तो पोचला नाही तर कार्यक्रमालाच अर्थ नव्हता. समोरच्यांतल्या अनेकांना वाचता येत नव्हतं, छापील पत्रक त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. गाणं हेच पत्रक होतं. या कसोटीला इंग्लंडातली ही पोरं उतरत नाहीत, हे मला मान्य आहे. पण कसोटी कुणासाठी घडवली गेली होती ते विसरून ती सरसकट लावली तर निकाल चुकतो. नापाम डेथचा श्रोता साक्षर होता, त्याच्या हातात तबकडीचं वेष्टन होतं, आणि सगळी गाणी त्यासोबत छापलेली होती. शब्द लपवलेले नव्हते, फक्त कानाऐवजी डोळ्यांकडे सोपवले होते. असं का केलं, ते कळायचं तर ही पोरं कुठून आली ते पाहावं लागेल.

मेरिडन हे बर्मिंगहॅम आणि कॉव्हेंट्री यांच्या मधलं गाव. इंग्लंडचा भौगोलिक मध्य म्हणून परंपरेने मिरवणारं. १९८१ साली तिथे निक बुलन आणि माइल्स रॅटलेज या दोन शाळकरी मुलांनी बँड काढला. मिसरूडही न फुटलेली ही पोरं. व्हिएतनाममध्ये माणसांवर ओतलेल्या आगीचं नाव त्यांनी बँडला दिलं. त्याच मेरिडनमध्ये ट्रायम्फ मोटारसायकलींचा कारखाना होता. मालकांनी १९७३ साली तो बंद करायचं ठरवलं तेव्हा कामगारांनी फाटकं अडवून धरली, दीड वर्ष झुंजले आणि सरकारी कर्जाच्या आधाराने कारखाना स्वतःची सहकारी संस्था म्हणून चालवला. १९८३ साली ती संस्था दिवाळखोरीत गेली. या कारखान्यामुळे नापाम डेथ जन्माला आला असा दावा मी करणार नाही, तसले सरळसोट कार्यकारणभाव मला संशयास्पद वाटतात. पण ‘मध्यमवर्गीय चैन’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं की ज्या पट्ट्यात ही मुलं वाढली तिथे मोटारी आणि ओतकामाचे कारखाने एकामागून एक आटत होते, देशातल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला होता, ग्रीनहॅम कॉमनच्या तळावर अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रं येत होती, १९८४-८५ मध्ये खाणकामगारांचा वर्षभराचा संप मोडून काढला गेला आणि १९८५ च्या सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमचा हँड्सवर्थ भाग पेटला होता. राग आयात करावा लागत नव्हता.

तेव्हा राजकीय पंकची मोठी शाळा म्हणजे क्रास हा बँड. एसेक्समधल्या एका शेतघरात एकत्र राहणारी, स्वतःच्या तबकड्या स्वतः काढणारी, युद्ध, चर्च, राज्यसंस्था आणि मांसाहार या सगळ्यांविरुद्ध एका दमात बोलणारी अराजकवादी मंडळी. नापाम डेथचं पहिलं छापील पाऊल त्यांच्याच अंगणात पडलं: ‘बुलशिट डिटेक्टर’ या क्रासच्या संकलनमालेतल्या तिसऱ्या भागात, १९८४ साली. क्रासचे शब्द भरपूर होते, बरेचसे ऐकूही येत होते. त्यांच्या मागून आलेल्यांनी मात्र त्या शब्दांची घोषणा केली आणि घोषणेचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको. दहाव्यांदा ऐकलेली घोषणा डोक्यात शिरत नाही, ती आपण सोबत म्हणतो आणि घरी जातो.

स्टोक-ऑन-ट्रेंटच्या डिस्चार्ज या बँडने यावर एक उपाय काढला होता. शब्द छाटायचे, दोन-चार ओळी उरू द्यायच्या आणि वाद्यांचा मारा वाढवायचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सीज या बँडने १९८४ च्या आपल्या ध्वनिफितीत वेग आणखी पुढे नेला. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात, म्हणजे आणखी एका बुडत्या मोटारनगरीत, रिपल्शन हेच करत होता. हे सगळं बर्मिंगहॅममधल्या स्पार्कहिल भागातल्या ‘द मर्मेड’ नावाच्या पबमध्ये येऊन मिसळलं. तिथे पंकही वाजे, मेटलही. नापाम डेथच्या ढोलांवर बसलेल्या मिक हॅरिसने या मिश्रणाला ग्राइंडकोर हे नाव दिलं आणि त्याच्या वाजवण्याच्या पद्धतीला ब्लास्ट बीट. स्नेअर, पायाचा ढोल आणि झांज यांवर इतके जलद, इतके सलग टोले द्यायचे की ठेका मोजायची सोयच उरत नाही आणि ऐकणाऱ्याला तो एक थरथरता पृष्ठभाग वाटतो. त्याखाली जस्टिन ब्रॉडरिकची खालच्या सुरांत उतरवलेली गिटार. वरून बुलनचा घशातून खरवडलेला आवाज.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या रिच बिच स्टुडिओत या तिघांनी बारा गाणी ध्वनिमुद्रित केली. खर्च साधारण पन्नास पौंड. ती दुसऱ्या एका बँडसोबत अर्ध्या-अर्ध्या तबकडीवर यायची होती, पण तसं घडलं नाही, आणि बुलन आणि ब्रॉडरिक दोघंही बँड सोडून गेले. १९८७ च्या मे महिन्यात हॅरिसने नवी माणसं घेऊन दुसरी बाजू भरली. ली डोरियन गायला, बिल स्टीअरने गिटार वाजवली, जिम व्हिटली बेसवर होता. डोरियन कॉव्हेंट्रीत पंकचे कार्यक्रम ठरवायचा, त्याआधी कुठल्या बँडमध्ये गायलेला नव्हता. नॉटिंगहॅमच्या डिग्बी पिअरसनने आपल्या इअरेक या नवख्या कंपनीतर्फे तबकडी काढली. नाव ‘स्कम’. अठ्ठावीस गाणी, तेहेतीस मिनिटं. मुखपृष्ठ जेफ वॉकरने काळ्या रेषांत काढलं: वर सुटाबुटातले मालक, खाली भुकेली माणसं, तळाला बहुराष्ट्रीय कंपन्यांची बोधचिन्हं. तारीख १ जुलै १९८७. त्याआधी तीनच आठवडे, ११ जूनला, मार्गारेट थॅचर सलग तिसऱ्यांदा निवडून आल्या होत्या.

ही तारीख मला महत्त्वाची वाटते, कारण ती ‘शब्द ऐकू आले पाहिजेत’ या आग्रहाला थेट भिडते. त्याच निवडणुकीसाठी ब्रिटनमध्ये रेड वेज नावाची मोहीम उभी राहिली होती. बिली ब्रॅग, पॉल वेलर, जिमी सोमरव्हिल अशी नामवंत, गोड गळ्याची, सुस्पष्ट शब्दांची मंडळी मजूर पक्षासाठी तरुणांना जागं करत गावोगाव फिरली. एकेक शब्द कळत होता. लोक सोबत गात होते. मजूर पक्ष हरला. ब्रॅगला मी हलकं लेखत नाही, त्याची कित्येक गाणी मला नापाम डेथइतकीच आवडतात. पण ‘बदललं काय?’ हा प्रश्न ग्राइंडकोरला विचारताना तोच प्रश्न सुस्पष्ट शब्दांना विचारायचा नाही, हा कुठला न्याय? १९८५ च्या लाइव्ह एडमध्ये सगळं जग एका सुरात गायलं. पैसा जमला, अन्न गेलं, ते चांगलंच झालं. पण दुष्काळामागे युद्ध होतं, कर्जं होती, व्यापाराच्या अटी होत्या, याचा त्या सुरेल शब्दांत किती पत्ता होता? शब्द कळणं आणि गोष्ट कळणं यांत अंतर असतं, आणि सोबत गाता येणारं गाणं ते अंतर अनेकदा मिटवण्याऐवजी झाकून टाकतं.

नापाम डेथने काम वाटून दिलं. म्हणणं कागदावर, शांतपणे वाचण्यासाठी. कानात मात्र त्या म्हणण्याचा ताप. कागद वाचून ‘हो, कंपन्या वाईट असतात’ असं पुटपुटणाऱ्याला सुईखाली जे ऐकू येतं ते सभ्यपणे मान डोलावू देत नाही. इथे एकल गिटारवादन नाही, कारण एकल वादनात नायक असतो. ध्रुवपद बहुतेक ठिकाणी नाही, कारण ध्रुवपद म्हणजे श्रोत्याला दिलेली विश्रांती. रेडिओवर वाजेल, बाजारात एकटं खपेल असं गाणंही नाही. ही माणसं सिद्धान्त मांडून बसली होती असं मी म्हणत नाही. विशीच्या आसपासची होती आणि एकमेकांपेक्षा जलद वाजवण्याची पोरकट खुमखुमी त्यांना भरपूर होती. पण पोरकटपणातून निघालेल्या रूपालाही अर्थ असू शकतो.

आता ते कुप्रसिद्ध गाणं. मोबाइलवर सुटं वाजवून हसणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ते तबकडीत कुठे आहे ते ठाऊक असतं. ‘स्कम’ची पहिली बाजू बहुराष्ट्रीय कंपन्यांवरच्या गाण्याने सुरू होते. मग वीसेक मिनिटं चालतं ते जगण्याची धडपड, सत्ता, प्रदूषित मनं, नियंत्रण यांवरचं आरोपपत्र. त्यातलं ‘सीज ऑफ पॉवर’ जवळजवळ चार मिनिटांचं आहे. ‘यांना एका सेकंदापलीकडे काही रचता येत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी ही माहिती. या सगळ्याच्या शेवटी, बाराव्या क्रमांकावर, ‘यू सफर’ येतं. ऐकणाऱ्याच्या सोसण्याचं कारण विचारणारा चार शब्दांचा प्रश्न. तो उच्चारला जातो न जातो तोच बाजू संपते. सुई उचलली जाते, खोलीत शांतता होते आणि तबकडी उलटायला तुम्हाला उठावं लागतं. प्रश्न तुमच्याकडेच राहतो. वीस मिनिटं आरोप ऐकवून झाल्यावर, उत्तर न देता, आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर बसलेल्या माणसाकडे बोट दाखवून गाणारा निघून जातो. याहून नेमकी जागा त्या गाण्याला मिळाली नसती. गिनेस बुकाने ते तिथून उपटलं, आकडा लावला आणि चमत्कारांच्या रांगेत उभं केलं. विनोद झाला तो तिथे. इअरेकनेही १९८९ मध्ये ते गाणं एका बाजूला आणि इलेक्ट्रो हिप्पीजचं तसंच चिमुकलं गाणं दुसऱ्या बाजूला घालून तबकडी फुकट वाटली, म्हणजे या उपटाउपटीला घरचीही मदत झाली. दोष एकट्या गिनेसच्या माथी मारता येणार नाही.

मूळचं कुणी उरलं नाही, हा आक्षेप तर मला गमतीचाच वाटतो. उरलं नाही हे शंभर टक्के खरं. ‘स्कम’च्याच दोन बाजूंवर समान माणूस एक, मिक हॅरिस, आणि १९९१ मध्ये तोही गेला. तेव्हापासून ‘स्कम’वरचा एकही वादक बँडमध्ये नाही. शेन एम्बरी १९८७ पासून आहे, मार्क ग्रीनवे म्हणजे बार्नी १९८९ पासून, ढोलांवर डॅनी हेरेरा १९९१ पासून. १९९६ मध्ये तर बार्नी एक्स्ट्रीम नॉइज टेररमध्ये गेला आणि त्यांचा गायक फिल व्हेन इकडे आला, जणू भाडेकरूंनी खोल्या बदलाव्यात. थोड्याच काळात बार्नी परतला. हे वारसाहक्काने चालणारं घराणं असतं तर आक्षेप लागू पडला असता. पण मालकी न मानणाऱ्या चळवळीतून निघालेल्या बँडला संस्थापकांच्या रक्ताची अट घालणं म्हणजे त्याला त्याच्याच विरोधकांच्या कायद्याने तपासणं. आणि जे गेले ते काय करत बसले? स्टीअर कारकसमध्ये रमला. ब्रॉडरिकने गॉडफ्लेश काढून यंत्रांच्या संथ धडकेचं संगीत केलं. डोरियनने कॅथीड्रलमध्ये वेग पूर्ण उलटा फिरवला, जगातल्या सर्वांत मंद मेटलपैकी काही तिथे आहे. हॅरिस स्कॉर्नमध्ये अंधाऱ्या, पोकळ ठेक्यांकडे वळला आणि न्यूयॉर्कच्या जॉन झोर्नसोबत पेनकिलरमध्ये त्याने वाजवलं. पन्नास पौंडांच्या एका ध्वनिमुद्रणातून इतक्या वेगवेगळ्या दिशा फुटल्याचं दुसरं उदाहरण मला सहज आठवत नाही. बीबीसी रेडिओ वनवरच्या जॉन पीलला हे लवकर कळलं होतं. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये त्याने त्यांना स्टुडिओत बोलावून वाजवायला लावलं, आणि पुढच्या वर्षी त्यांचा दुसरा अल्बम ब्रिटनच्या स्वतंत्र कंपन्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

सोनीचा मुद्दा अवघड आहे आणि तो टाळणार नाही. नव्वदीच्या दशकात इअरेकने सोनीच्या कोलंबिया कंपनीशी करार केला आणि नापाम डेथचा १९९४ चा अल्बम अमेरिकेत त्या वाटेने विकला गेला. १९९५ च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’ सिनेमाच्या अल्बममध्ये त्यांचं गाणं गेलं, तो अल्बम अमेरिकेत प्लॅटिनम झाला. म्हणजे पहिल्या तबकडीचं पहिलं गाणं बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्ध, आणि सात वर्षांनी एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या ट्रकमधून माल रवाना. विसंगती आहे. तिला ‘व्यवस्थेत शिरून व्यवस्था पोखरणं’ असलं गोंडस नाव देणाऱ्या चाहत्यांपैकी मी नाही. त्या काळातले अल्बम मला मधल्याच प्रतीचे वाटतात, वेग गेला आणि त्याजागी आलेली लय दुसऱ्यांचीच होती. पण विसंगती म्हणजे ढोंग नव्हे. ढोंगी माणूस पकडला गेल्यावर विषय बदलतो. या बँडने इअरेक सोडलं आणि २००० साली काढलेल्या अल्बमचं नावच ठेवलं ‘एनिमी ऑफ द म्युझिक बिझनेस’. नाव ठेवल्याने कुणी शुद्ध होत नाही हे खरं, पण त्या अल्बममध्ये वेग परत आला, जोम परत आला आणि तेव्हापासून तो फारसा गेलेला नाही. नाझीवादी गुंडांना पंकच्या कार्यक्रमांतून हाकलून देणारं डेड केनेडीजचं गाणं त्यांनी १९९३ मध्ये नव्याने काढलं, ते नेमक्या याच तथाकथित विकल्या गेलेल्या वर्षांत.

प्रतिपक्षाकडे खरं तर याहून धारदार हत्यार आहे आणि ते फारसं कुणी वापरत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. मी म्हणतो रूपालाच अर्थ आहे. बरं. मग याच रूपात, याच वेगाने, याच घशाने प्रेतं, रक्त आणि बायकांची चिरफाड गाणाऱ्या शेकडो बँडांचं काय? ग्राइंडकोरचा मोठा भाग तिकडेच गेला. कारकसने वैद्यकीय कोशातले शब्द वापरून मांसाचं जे किळसवाणं विडंबन केलं त्यामागे शाकाहारी माणसांचा वाकडा विनोद होता. नक्कल करणाऱ्यांनी किळस उचलली, विनोद टाकला. त्यांतल्या काहींनी स्त्रीदेहाच्या विटंबनेचा धंदाच मांडला. तेव्हा वेग आणि कर्कशपणा आपोआप पुरोगामी असतो असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे, आणि असं म्हणणारे चाहते मी पाहिले आहेत. म्हणूनच शब्द लागतात. म्हणूनच तो छापील कागद लागतो, आणि कागदावरचं म्हणणं वर्षानुवर्षं पाळणारी माणसं लागतात. नापाम डेथचं वेगळेपण या तिन्हींच्या एकत्र असण्यात आहे. त्यांच्या कार्यक्रमात गाणं सुरू असताना बार्नीचा एक शब्द कळत नाही, आणि दोन गाण्यांच्या मध्ये तोच माणूस बर्मिंगहॅमच्या साध्या बोलीत, शांतपणे, पुढचं गाणं कशावर आहे ते सांगतो: निर्वासितांवर, धर्मसत्तेवर, प्राण्यांच्या हालांवर. ज्यांना ऐकू येणारे शब्दच हवेत त्यांच्यासाठी तेही आहेत.

शब्द आणि रूप एकत्र कसं चालतं याचा अलीकडचा दाखला देतो, आणि तो आपल्या शेजारचा आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. १,१३४ माणसं मेली, बहुतेक पाश्चात्त्य दुकानांसाठी कपडे शिवणारे कामगार, त्यांत बायका जास्त. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवण्यात आली, वरच्या मजल्यांवरच्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. २०१५ च्या जानेवारीत आलेला नापाम डेथचा ‘अपेक्स प्रीडेटर – ईझी मीट’ हा अल्बम या घटनेतून निघाला. त्याचं पहिलं, शीर्षकाचं गाणं ऐका. वेगाची अपेक्षा ठेवून बसलेल्याला तिथे वेगच मिळत नाही. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखे संथ, जड टोले आणि त्यावर मंत्रासारखा घुमणारा आवाज. वेग पुढच्या गाण्यांत येतो. सर्वांत जलद बँडने सर्वांत मोठ्या दुर्घटनेवर बोलताना आपलं ओळखीचं हत्यार खाली ठेवलं, ही निवड आहे. ‘यांना फक्त गोंगाट करता येतो’ म्हणणाऱ्याने ही निवड कशी समजावून सांगायची ते सांगावं. ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांत राणा प्लाझावर रकाने भरून येत होते. पण तिथल्या तरुण श्रोत्याला अंगावरच्या टी-शर्टची शिलाई कुठे झाली ते विचारायला लावणं हे काम मोठमोठ्या, सुरेल, सुस्पष्ट गायकांपैकी किती जणांनी केलं?

आणि परिणाम. हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी २०१५ चीच दुसरी गोष्ट सांगतो, जी माझ्या बाजूने नाही. इंडोनेशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो मेटलचे जाहीर चाहते, नापाम डेथचा टी-शर्ट घातलेले त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. बालीमध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यात देहदंडाची शिक्षा झालेल्या दोन ऑस्ट्रेलियनांसाठी बार्नीने त्यांना जाहीर पत्र लिहून जीवदान मागितलं. बर्मिंगहॅमच्याच ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीनेही तशीच विनंती केली. २९ एप्रिलला त्या दोघांना गोळ्या घालण्यात आल्या. चाहता राष्ट्राध्यक्षपदी बसला तरी गाण्याचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचतंच असं नाही. हा नापाम डेथचा पराभव आहे, आणि तो मान्य करताना मला संकोच नाही. पण तो पराभव शब्द ऐकू न आल्यामुळे झाला असं कुणी म्हणू शकेल का? पत्र साध्या, स्वच्छ इंग्रजीत होतं.

संस्थांना मात्र या आवाजाचं काय करायचं ते आजही कळत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने २०१३ मध्ये मातीकाम करणारा कलावंत कीथ हॅरिसन याच्या प्रयोगात नापाम डेथला वाजवायला बोलावलं. ओल्या मातीने भरलेले ध्वनिवर्धक त्यांच्या आवाजाने तडकावेत अशी कल्पना होती. मग संग्रहालयाला भीती वाटली की तडे इमारतीलाच जातील, आणि कार्यक्रम रद्द झाला. तो पुढे समुद्रकाठच्या बेक्सहिलमध्ये, डे ला वॉर पॅव्हिलियनमध्ये पार पडला. हा किस्सा चाहते फार अभिमानाने सांगतात. मला त्यात अभिमानापेक्षा धोका दिसतो. बँड जितका संग्रहालयाच्या कामाचा होत जाईल तितका तो ‘यू सफर’सारखाच चमत्कारांच्या रांगेत जाऊन बसेल. प्रतिपक्षाचे टोमणे परवडले, ही कौतुकं नकोत.

तेव्हा ज्यांना नापाम डेथ नावडतो त्यांना आवडून घ्या असं मी सांगणार नाही. कानाला त्रास होतो, खरंच होतो. मागणं इतकंच आहे. ‘स्कम’ची पहिली बाजू एकदा सलग ऐका, बारावं गाणं मोबाइलवर सुटं न ऐकता त्याच्या जागी ऐका, आणि ऐकताना गाण्यांचा छापील कागद समोर ठेवा. त्यानंतर तुम्ही मला लिहिलंत की हे संगीत वाईट आहे, तर मी वाद घालणार नाही. यात राजकारण नाही असं मात्र लिहू नका.